मागल्या सरकारचा कागद

मंडळाच्या पावसाळी बैठकीत एका सभासद मित्राने सावंतवाडीकर आणि पोर्तुगीज यांच्यातल्या १७८८ च्या तहावर टिपण वाचलं. टिपण मेहनतीचं होतं, नकाशासकट. वाचून झाल्यावर कागद आवरता आवरता त्यांनी एक वाक्य सहज टाकलं: सत्ता बदलली की जुन्या सत्तेने दिलेला शब्द तिच्याबरोबर जातो, नव्या सरकारवर त्याचं बंधन नसतं आणि असूही नये. तेवढ्यात चहा आला आणि विषय भलतीकडे गेला. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेलं नाही. तहाच्या वाचनाबद्दल माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे, म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. नोकरीची पंचवीसेक वर्षं कालवे, मोऱ्या आणि मोजमापवह्या यांत गेली. पोर्तुगीज भाषा चाळिशीनंतर शिकलो, तीही शब्दकोश मांडीवर घेऊन. पण बांधकामाच्या धंद्यात एक गोष्ट अंगवळणी पडते. काम अर्धवट टाकून ठेकेदार गेला आणि दुसरा आला, तर दोघांना समोर उभं करून झालेल्या कामाची संयुक्त मोजणी घेतात. पहिल्याने काय केलं, काय राहिलं, कोणाचं देणं बाकी, सगळं वहीत उतरतं. ठेकेदार बदलला म्हणून खाली घातलेला पाया कोणी नाकारत नाही. आमच्या पेडणे-डिचोलीत मात्र गेल्या अडीचशे वर्षांत मालक इतके वेळा बदलले आणि संयुक्त मोजणी क्वचितच झाली.

थोडी उजळणी करतो. १७४६ मध्ये मार्किश द कास्तेलो नोव्हो या व्हाइसरॉयने पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याच नावाने पुढे तो मार्किश द आलोर्ना झाला. किल्ला नंतर परत गेला, किताब मात्र राहिला. १७८१ ते १७८३ या काळात डिचोली, सत्तरी, पेडणे पुन्हा पोर्तुगीजांच्या हातात आले. कोल्हापूरकरांच्या दबावाने जेरीला आलेल्या खेम सावंतांनी जानेवारी १७८८ च्या तहात पेडण्यावर पाणी सोडलं. म्हणजे आमच्या तालुक्यांचा सौदा मदतीच्या बदल्यात झाला. रयतेला कोणी विचारलं नाही. पण रयत गप्प बसावी म्हणून तिला एक शब्द दिला गेला, आणि तो शब्दच आपल्या विषयाचा गाभा आहे.

शब्द असा, की तुमची देवळं, धर्म, चालीरीती आहेत तशा राहतील. फोंड्याकडच्या मुलखात १७६३ मध्येच जाहीरनामा काढून हे सांगितलेलं होतं, आणि नव्या काबिजादीच्या बाकी महालांतही तेच धोरण चाललं. जुन्या काबिजादीत दोनशे वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे लोक विसरले नव्हते. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्वेला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्याने उभं केलं, ते नार्वे डिचोलीतच. त्यामुळे या शब्दाची किंमत डिचोलीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नव्हती.

आता प्रश्न असा, की हा शब्द पुढच्या गव्हर्नरांनी पाळला का? इथे मला फिलिप नेरी शाव्हिएर या गोवेकर सरकारी नोकराचं काम समोर ठेवायचं आहे. १८४० मध्ये त्याने नव्या काबिजादीच्या कारभाराविषयी निघालेले बांद, म्हणजे सरकारी जाहीरनामे, आणि इतर हुकूम गोळा करून छापले. पुढे चालीरीतींची संहिता पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत सूचीसह काढली, तिची १८६१ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. आपल्याकडे शाव्हिएरचा उल्लेख बहुतेक वेळा तळटीपेत येतो, 'उपयुक्त संग्रह' म्हणून. माझ्या मते त्याला तळटीपेत ठेवणं हा अन्याय आहे.

असा संग्रह करावासा का वाटला असेल, याचा विचार करा. गव्हर्नर लिस्बनहून यायचा आणि काही वर्षांत परत जायचा. आधीच्याने कोणत्या महालाला काय कबूल केलं, हे त्याला कसं कळणार? गावकर सांगायचे, कारकून सांगायचे, आणि दोघांचंही सांगणं आपापल्या सोयीचं असणार. मी शाव्हिएर वाचतो तो या नजरेने. त्याने तारखेनुसार एकामागून एक हुकूम लावले आणि कोणत्याही गव्हर्नरच्या टेबलावर ठेवता येतील असे छापले. मोजमापवही म्हणतात ती हीच. त्याने स्वतः कोणताही शब्द दिला नाही, पण दिलेले शब्द हरवू दिले नाहीत. संस्थानांचे तह छापणारे पुष्कळ झाले. गावकीच्या पाण्याचा, महसुलाचा, देवळाच्या मानपानाचा हुकूम जपणारे फार थोडे.

दोषही सांगायला हवेत. शाव्हिएर सरकारी चौकटीत काम करणारा माणूस. त्याचा संग्रह सरकार काय बोललं ते सांगतो, लोकांनी काय ऐकलं ते सांगत नाही. बांद गावात ढोल वाजवून ऐकवला जायचा, तेव्हा पेडण्याच्या बाजारात तो कोणत्या शब्दांत सांगितला गेला आणि ऐकणाऱ्याने त्यातून काय घेतलं, हे छापील पानावर उतरत नाही. शब्द देणारा आणि घेणारा यांच्या मनात दोन वेगळे करार असू शकतात. सत्तरीच्या राण्यांची बंडं या नजरेनेही वाचावी लागतात. १८५२ मध्ये दीपाजी राणे नाणूसच्या किल्ल्यावर गेले आणि झुंज १८५५ पर्यंत चालली. १८९५ मध्ये मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला तेव्हा शिपाई बिथरले आणि तेही नाणूसलाच गेले. सरकारच्या दृष्टीने तो बेशिस्तीचा गुन्हा. शिपायाच्या दृष्टीने नोकरी धरताना समुद्रापलीकडे जायचं ठरलं नव्हतं.

तर शब्द पाळला का? देवळांच्या बाबतीत बराचसा पाळला, पण त्याला एक मेख होती. १८८६ मध्ये माझानीचं नियमन आलं, १९३३ मध्ये ते नव्याने केलं गेलं, आणि देवस्थानचे हिशेब, निवडणुका, महाजनांची यादी सगळं प्रशासकाच्या मेजावर गेलं. देव हलला नाही, फंडपेटीची किल्ली हलली. १९६१ नंतर पोर्तुगीज गेले तरी ते नियम राहिले आणि प्रशासकाच्या जागी मामलेदार आला. देवस्थानच्या वादात मामलेदार कुठून आला असं तरुण मंडळी विचारतात, त्यांच्यासाठी हा खुलासा.

दुसरी मेख जास्त बोचणारी आहे. 'चालीरीती राखू' हा शब्द पाळता पाळता त्याचं कलम झालं. १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची संहिता आली. तिच्यात पहिली बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा आहे. ही चाल कोणाची? राखायचा शब्द दिला गेला तो गावकरांना, महाजनांना, घरातल्या कर्त्या पुरुषांना. ज्या बाईच्या पंचविशीवर सरकारने खूण केली तिला कोणी शब्द दिला नव्हता. वचन पाळलं गेलं, आणि पाळलं गेलं म्हणूनच ती अडकली. तेव्हा जुना शब्द पाळणं नेहमीच पुण्याचं असतं असं मी म्हणत नाही. हे टिपणकर्त्याच्या बाजूने जाणारं उदाहरण आहे, आणि ते मीच देतो आहे.

आता १९६१ कडे येतो. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गेले. १९६२ च्या प्रशासन कायद्यात पाचव्या कलमाने चालू कायदे बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत कायम ठेवले. म्हणूनच पोर्तुगीज दिवाणी कायदा आजही आपल्या लग्नात आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आता भारताचाच कायदा आहे असं सांगितलं. कायदे राहिले. पण आश्वासनं, परवाने, सवलती? त्यांचा निकाल वेगळा लागला. दमणच्या एका व्यापाऱ्याला पोर्तुगिजांनी १९६१ च्या शेवटच्या महिन्यांत आयात परवाने दिले होते. त्यांच्या जोरावर तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला. गोव्यातल्या खाणहक्काचा दावा १९८१ मध्ये तिथे गेला तेव्हाही तत्त्व तेच सांगितलं गेलं: जिंकून घेतलेल्या प्रदेशात आधीच्या सत्तेने दिलेला हक्क नव्या सत्तेने मान्य केला असेल तरच कोर्टात उभा राहतो, नाहीतर नाही.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, हेच कायद्याच्या भाषेत सांगितलं आहे. आमच्या टिपणकर्त्याचं वाक्य याच तत्त्वावर उभं होतं. त्याबद्दल दोनच गोष्टी म्हणतो. पहिली, हे तत्त्व कोर्टाने काय करावं ते सांगतं, सरकारने काय करावं ते सांगत नाही. कोर्ट म्हणतं, मान्य करणं न करणं तुमच्या हातात. म्हणजे सगळा प्रश्न उलट सरकारच्या दारात येऊन पडतो. दुसरी, सरकारने प्रत्यक्षात काय मान्य केलं आणि काय नाकारलं, त्याची यादी काढली की तत्त्वापेक्षा जास्त काही कळतं. त्यासाठी डिचोलीसारखा तालुका नाही.

पहिला कागद खाणीचा. वसाहतींसाठीच्या १९०६ च्या पोर्तुगीज हुकुमाखाली गोव्यात खाणींच्या सवलती दिल्या गेल्या, त्या मुदतीच्या नव्हे, कायमच्या. मुक्तीनंतर या सवलती बंद झाल्या नाहीत. खाणी चालल्या, बार्जी भरल्या, मये, पिळगाव, शिरगाव, लामगावचे डोंगर उतरत गेले. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्या सवलती २० डिसेंबर १९६१ पासून रद्द ठरवल्या आणि त्यांचे खाणपट्टे केले. सव्वीस वर्षं मागे जाऊन! आणि तरी धंदा थांबला नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पट्टे नोव्हेंबर २००७ मध्येच संपले होते. २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं दुसरं नूतनीकरण रद्द झालं, तेव्हा मशिनं उभी राहिली आणि आमच्या गावच्या ट्रकवाल्यांचे हप्ते थकले. माझं मत असं, की कायमची सवलत हा शब्द मोडायलाच हवा होता. जमिनीखालचं लोखंड पोर्तुगालच्या कोणा मंत्र्याने सात पिढ्यांसाठी दोन-चार घराण्यांना बहाल करावं, हा शब्द देण्याचा अधिकारच त्याला नव्हता. पण ज्या सरकारला परक्या सत्तेचा शब्द बंधनकारक नसतो, त्याच सरकारने हा शब्द इतकी वर्षं पाळला, हेही विसरू नये.

दुसरा कागद मयेचा. मये गावची मोठी जमीन पोर्तुगीज किताबधारक कोंदीच्या घराण्याची. मालक पोर्तुगालला गेला, आणि १९६४ च्या कायद्याखाली ती जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. गावचा माणूस आपल्याच घरात भाडेकरू. छप्पर शाकारायचं म्हटलं तर परवानगी. पन्नास वर्षं. गोवा मुक्त झाला, मये झाला नाही, असं मयेकर म्हणायचे, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. परक्या राजाने एका घराण्याला दिलेला कागद नव्या सरकारने मोडला नाही, फक्त कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवली. निवडणुका येत, मये मोकळं करू असं सांगितलं जाई, आणि पुढचं सरकार नव्याने अभ्यास करी. २०१४ मध्ये पर्रीकर सरकारने पोर्तुगीज काळातली अशी मालकी, किताब आणि अनुदानं रद्द करणारा कायदा केला. पुढच्या सरकारने सनदा द्यायला घेतल्या. इथे एका मुख्यमंत्र्याने दिलेला शब्द दुसऱ्याने पुढे नेला, हे आपल्याकडे नोंदवून ठेवण्यासारखं दुर्मीळ आहे.

पेडण्यात हेच कुळांच्या बाबतीत घडलं. भाऊसाहेब बांदोडकरांनी कुळांना शब्द दिला, १९६४ मध्ये कूळ कायदा झाला, पण कसणारा मालक होणं राहून गेलं. भाऊसाहेब १९७३ मध्ये गेले. २० एप्रिल १९७६ हा कृषक दिन ठरवून कुळांना मालक मानणारी दुरुस्ती शशिकलाताईंच्या सरकारने केली. मुलीने बापाचा शब्द राखला म्हणून पेडण्यात आजही सांगतात. मी म्हणेन, मुख्यमंत्र्याने मुख्यमंत्र्याचा राखला. अर्थात कायद्याने मालक झालेला माणूस एक चौदाच्या उताऱ्यावर मालक व्हायला किती वर्षं लागतात, हा वेगळाच ग्रंथ आहे. अर्ज आजोबाचा, तारखेला हजर नातू, अशी घरं पेडण्यात शोधावी लागत नाहीत.

इथे कोणी म्हणेल, पोर्तुगीजांचं सोडा, ते परके. आपल्याच नेत्यांनी दिलेल्या शब्दाचं काय? म्हणून घरची गोष्ट सांगतो. १९६३ मध्ये नेहरूंनी गोव्याला आश्वासन दिलं होतं, की लोकांना हवं तोवर गोव्याचं वेगळेपण जपलं जाईल. त्याच डिसेंबरात मगो पक्ष विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडून आला. १९६५ च्या जानेवारीत विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही केला. आता दोन शब्द समोरासमोर: दिल्लीच्या नेत्याने दिलेला आणि मगोने मतदारांना दिलेला. नेहरू १९६४ मध्ये वारले. त्यांच्यानंतरच्यांना आश्वासन गुंडाळून ठेवता आलं असतं. त्यांनी संसदेत कायदा करून जनमत कौल घेतला, आणि तो निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला फूल की दोन पानं, एवढंच विचारलं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. पेडणे आणि डिचोली फुलाच्या बाजूने होते. माझे वडीलही. त्यांना ही फसवणूक वाटायची. आम्ही निवडणूक जिंकली होती ना, मग परत का विचारलं, असं ते म्हातारपणीही म्हणायचे.

मी मराठीवर वाढलो, मराठीतच लिहितो आहे, आणि मला फूल जिंकलं असतं तर आनंदच झाला असता. पण कागदपत्र वाचायला लागल्यापासून मला वडिलांचं म्हणणं पटेनासं झालं. नेहरूंचा शब्द पुढच्यांनी आंधळेपणाने पाळला नाही, मोडलाही नाही. तो ज्यांना दिला होता त्यांच्याकडे परत नेला आणि विचारलं, अजून हवा आहे का? सरकारने जुन्या शब्दाशी वागण्याची याहून नीट रीत मला तरी आपल्या इतिहासात दिसलेली नाही, आणि ती आमच्या तालुक्याच्या मताविरुद्ध गेलेली रीत आहे. हे लिहिताना वडिलांची माफी मागतो. (राजभाषेचा मुद्दा मुद्दाम बाहेर ठेवला आहे. तो घेतला तर लेख संपायचा नाही आणि मंडळ फुटेल.)

तिळारीबद्दल थोडक्यातच, कारण तिथे मी स्वतः चिखल तुडवला आहे आणि तटस्थ राहू शकत नाही. धरण दोडामार्गात, पाणी पेडणे, डिचोली आणि बार्देशला. १९९० चा गोवा-महाराष्ट्र करार. खर्चात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के, महाराष्ट्राचा २६.७०. त्यानंतर दोन्ही राज्यांत किती सरकारं आली-गेली मोजा. टक्केवारी टिकली. दोन सरकारांमधला हिशेब दोन्ही बाजूंचे लेखापाल राखतात. धरणात घरं गेलेल्यांना नोकरीचं जे सांगितलं होतं, ते मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलं आणि शेवटी नोकरीऐवजी एकरकमी पैशांवर आलं. एकाच प्रकल्पातले दोन शब्द. एक लेखापालाच्या वहीत होता, दुसरा मांडवातल्या भाषणात.

आता तिसरा कागद, आल्वारा. डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या वाचकांना अर्थ सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. सरकारी पडीक जमीन लागवडीसाठी आधी तात्पुरत्या कागदावर द्यायची. माणसाने मुदतीत ती लागवडीखाली आणली, आखणी झाली, की कागद पक्का करायचा, आणि त्याने वर्षाला ठरलेला फोर भरायचा. अट स्पष्ट, दोन्ही बाजूंची. पोर्तुगीज गेले तेव्हा अनेकांचा पहिला टप्पा झाला होता, दुसरा नव्हता.

माझ्या आजोबांचा असा कागद घरी आहे. पत्र्याच्या पेटीत, शिक्का फिकट, सही वाचता येते. त्यांनी कातळउतारावर काजू लावले. मी नोकरीत असताना हा कागद घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो होतो. तिथल्या कारकुनाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, हा पाकल्यांचा कागद, आमच्या उपयोगाचा नाही. मी विचारलं, मग जमीन कोणाची? म्हणाला, सरकारची. सरकारला कोणाकडून मिळाली? त्यावर तो हसला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्या वेळी राग आला होता. पुढे लक्षात आलं, की त्या कारकुनाने सर्वोच्च न्यायालयाचं तत्त्वच एका वाक्यात सांगितलं होतं. फक्त तेव्हा त्याच तालुक्यात, त्याच पाकल्यांच्या कागदांतून आलेल्या खाणींवरून रोज ट्रक धावत होते.

म्हणून टिपणकर्त्याच्या 'असूही नये' या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे. जुना शब्द पाळावा का, हा एक प्रश्न नाहीच. शाव्हिएरच्या संग्रहातला बांद, खाणीची सवलत, कोंदीची मालकी, आजोबांचा आल्वारा, हे सगळं 'आधीच्या सत्तेचं' म्हणून एका गाठोड्यात बांधता येत नाही. खाणीच्या कागदात एकाने दिलं आणि दुसऱ्याने उचललं. मयेच्या कागदात गावच्या माणसाला विचारात न घेता त्याची जमीन दुसऱ्याच्या नावे राहिली. आल्वाऱ्यात मात्र सरकार म्हणालं होतं, तू राब, मग तुझं, आणि माणूस राबला. त्याच्या बाजूचा करार पुरा झालेला आहे. राहिला आहे तो सरकारच्या बाजूचा, मग त्या सरकारच्या कचेरीवर झेंडा कोणताही असो. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर काम पुरं, बिल थकलेलं. आणि थकलेलं बिल ठेकेदाराचं असो की विभागाचं, नव्या अधिकाऱ्याला ते फायलीत दिसतंच.

१७८८ चा तह वाचताना मलाही आधी सह्या कोणाच्या तेच दिसायचं. आता मी आधी हे बघतो, की त्या कागदावर विसंबून कोणी झाड लावलं का, देऊळ शाकारलं का, मुलीचं लग्न ठरवलं का. टिपणकर्त्याच्या पुढच्या टिपणात तहाच्या कलमांबरोबर पेडण्यातल्या एखाद्या गावची तेव्हाची महसुलाची नोंद आली, तर आमचा वाद बराच पुढे सरकेल. ती त्यांच्याकडे आहे, मला माहीत आहे.

ज्यांच्या घरी आल्वारा, फोराच्या पावत्या, मोकाशाचे किंवा देवस्थानचे जुने कागद असतील त्यांनी पुढच्या बैठकीला आणावेत. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, तिथेच छायाचित्र काढू. पोर्तुगीज मजकूर वाचून द्यायची जबाबदारी माझी. आजोबांचा कागद मी आणणार आहेच. त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी शिसपेन्सिलीने मोडीत लावलेल्या काजूंची संख्या लिहिली आहे, तिच्यातला एक आकडा मला अजून लागत नाही. मोडी येणाऱ्या कोणी तरी तो लावून द्यावा.